दुबार

पद्मजा कुंभोजेनं ज्या सोमवारी रांगेला चाळणी लावली, त्या दिवशी सांगलीच्या संगणक केंद्रात पेढे वाटले गेले. संचालक प्रभुदेसाई सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. एरवी कौतुक झालं की पद्मजा अवघडून जायची, पण त्या दिवशी मोकळेपणानं हसली. चौदा वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून कुणाचं तरी थेट भलं झालं, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

तिचं काम बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड. नातेवाईक विचारायचे, "नक्की काय करतीस गं तू तिथं?" तेव्हा ती म्हणायची, "रांग सांभाळते." ते अक्षरशः खरं होतं.

गेल्या वीस वर्षांत एकेक करून प्रतिजैविकं निकामी होत गेली होती. साध्या ऑपरेशननंतर, साध्या जखमेनंतर माणसं दगावायला लागली, तेव्हा डॉक्टर जीवाणूभक्षींकडे वळले. जीवाणूंवर जगणारे हे विषाणू नदीच्या पाण्यात, शेणात, मातीत कोट्यवधी प्रकारचे सापडतात. अडचण एवढीच, की प्रत्येक भक्षी भलता चोखंदळ असतो. जीवाणूच्या अंगावर जणू कुलूप असतं आणि भक्षीच्या शेपटीला किल्ली. किल्ली बसली तर जीवाणू अर्ध्या तासात फुटतो, नाही बसली तर भक्षी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पुण्याच्या भांडारात साडेतीन लाख भक्षी गोठवून ठेवलेले होते. रुग्णाच्या रक्तातला जीवाणू घ्यायचा, त्याच्या जनुकांची त्रेपन्न लाख अक्षरं वाचायची, आणि या साडेतीन लाखांतला कोण त्याच्या कुलपात बसेल, जीवाणूनं कुलूप बदललं तर दुसरा कोण लागेल, हे गणितानं शोधायचं.

हे गणित एका संगणकाला दिलं तर दीड वर्ष लागलं असतं. म्हणून त्याचे बाराशे तुकडे करत. एका रुग्णाची एक बॅच, बॅचमध्ये बाराशे जॉब. हे जॉब राज्यभर पसरलेल्या ग्रिडवर जात. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळा, तहसील कचेऱ्या, वाचनालयं, जिथं जिथं संगणक रिकामा बसलेला असेल तिथं एकेक तुकडा सोडवला जाई आणि उत्तर सांगलीला परत येई. बाराशेवा तुकडा आल्याशिवाय औषध ठरत नसे. कुठं वीज जाई, कुठं कुणी संगणक मध्येच बंद करी. मग तो तुकडा शोधून दुसरीकडे पाठवायचा. कुणाची बॅच आधी, कुणाची नंतर, हे क्रमानुसार चाललंय ना ते बघायचं. हेच पद्मजाचं काम. रांगेत पुढं असलेल्याला वीस तासांत उत्तर मिळे, मागं असलेल्याला दोन-अडीच दिवस लागत. आणि रक्तात जंतू पसरलेल्या माणसाच्या हातात साधारण तीन दिवस असतात.

पद्मजाची धाकटी बहीण चारुलता डॉक्टर होती. शिकत असताना मिरजेच्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात तिनं दोन वर्षं काढली आणि मग सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी जत भागातल्या काळखिंडीच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतःहून बदली मागून गेली. आई-आण्णा गेल्यापासून दोघी बहिणींना एकमेकींशिवाय दुसरं माहेर नव्हतं. दर रविवारी फोन ठरलेला.

माघातल्या एका रविवारी चारू फोनवर एकदम म्हणाली, "आक्का, माझी माणसं तुझ्या रांगेत मरतायत."

"असं काय बोलतीस?"

"खरं तेच बोलते. या महिन्यात चार गेली. चौघांचीही बॅच वेळेत टाकलेली होती. मिरज-कोल्हापूरच्या मोठ्या हॉस्पिटलांना उत्तरं एका दिवसात येतात. आम्हालाच का नाही येत?"

पद्मजानं मनावर घेतलं. पंधरा दिवस ती रांगेच्या नोंदी उकरत बसली आणि जे सापडलं त्यानं तिचं डोकं फिरलं. काही मोठी हॉस्पिटलं एकाच रुग्णाचा नमुना तीन-तीन नावांनी टाकत होती. पकडलं जाऊ नये म्हणून फाइलची थोडी मोडतोड करत, ओळखीच्या छोट्या दवाखान्यांच्या नावानं तीच बॅच घुसवत. तिन्हींपैकी जी आधी लागे ती ठेवायची, बाकीच्या रद्द करायच्या. रद्द होईपर्यंत त्या हजारो तुकड्यांनी ग्रिड भरलेलं असायचं. काळखिंडीसारखं रुग्णालय प्रामाणिकपणे एकदाच नमुना टाकी आणि मागं मागं ढकललं जाई.

चाळणी पद्मजानंच लिहिली. नवा नमुना आला की त्याच्या जीवाणूची अक्षरं आधीच्या सगळ्या नमुन्यांशी ताडून बघायची. त्रेपन्न लाखांत दहापेक्षा कमी अक्षरांचा फरक निघाला तर तो नमुना दुबार, मग नाव कुठल्याही रुग्णाचं असो, रुग्णालय कुठलंही असो. दुबार नमुन्याची बॅच आपोआप रद्द. केंद्राच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीतल्या सूक्ष्मजीवतज्ज्ञांनी मान डोलावली. दोन वेगळ्या माणसांमधले जंतू काही दिवसांतच पंधरा-वीस अक्षरांनी वेगळे होतात, त्यामुळं व्यवहारात घोटाळा होणार नाही, असं ते म्हणाले. प्रभुदेसाई सरांनी सही केली.

पहिल्या तीन आठवड्यांत छोट्या रुग्णालयांची वाट बघण्याची वेळ बावन्न तासांवरून बावीस तासांवर आली. रविवारी चारू फोनवर बोलता बोलता रडली. "आक्का, या महिन्यात एकही नाही गेलं," म्हणाली.

पंचविसाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिचा पुन्हा फोन आला. कामाच्या वेळात ती कधी फोन करत नसे.

"आक्का, माझी बॅच रद्द झालीय. दुबार म्हणून शिक्का आलाय."

पद्मजानं समोरच्या पडद्यावर नमुना काढला. मालन बिरा गडदे, वय छत्तीस, काळखिंडी. ज्याच्याशी जुळला तो नमुना आदल्या दिवशी मिरजेच्या त्याच खासगी हॉस्पिटलातून आलेला, जिथं चारू पूर्वी होती. फरक फक्त चार अक्षरांचा. मिरजेची बॅच निम्म्याच्या वर सुटली होती.

मिरजेच्या कुणीतरी जुन्या ओळखीतून गळ घातली असणार आणि चारूनं आपल्या रुग्णालयाचं नाव वापरू दिलं असणार. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

"चारू, मिरजेच्या तुझ्या सरांनी सांगितलं का गं तुला हे टाकायला?"

"काय?"

"हाच नमुना काल तिथून आलाय. तोच आहे, चार अक्षरांचा फरक. तूसुद्धा हे करायला लागलीस?"

चारू एकेक शब्द तोडत म्हणाली, "आक्का, बाई माझ्या समोर पलंगावर आहे. बेदाण्याच्या शेडमध्ये काम करते. गेल्या आठवड्यात तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन..."

"हे बघ, नियम मीच केलाय आणि तुझ्यासाठी मी तो मोडणार नाही. उद्या लोक म्हणतील, बहिणीला सोडलं. समितीकडे अर्ज कर. ते बघतील."

"समिती कधी बसते?"

"उद्या संध्याकाळी."

"अगं, तिच्याजवळ एवढा वेळ नाही."

"चारू, मला हे बोलायला लावू नकोस," असं म्हणून पद्मजानं फोन ठेवला. आपण कठोर वागलो याचं तिला वाईट वाटत होतं, पण बरोबर वागलो याचा आतून थोडा अभिमानही होता, आणि पुढं त्याच अभिमानाची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

गुरुवारी दुपारी आणि शुक्रवारी सकाळी चारूनं तोच नमुना पुन्हा टाकला. चाळणीनं दोन्ही वेळा फेकून दिला. शुक्रवारी दुपारी एक निरोप आला, "आक्का, एकदा मूळ फाइल उघडून बघ, एवढंच मागते." पद्मजानं उत्तर दिलं नाही. तीन वेळा टाकला म्हणजे कुणाचा तरी दबाव असणार, असाच अर्थ तिनं काढला. शुक्रवारी संध्याकाळी समितीचे एक सदस्य परगावी होते, म्हणून बैठक सोमवारवर गेली.

शनिवारी सकाळी दहा वाजून काही मिनिटांनी फोन वाजला.

"गेली," चारू म्हणाली. "तिचं नाव मालन होतं. ती दुबार नव्हती, आक्का."

आणि तिनं फोन ठेवला.

शेजारच्या टेबलावर पद्मजाचा सहकारी इरफान मुजावर अडकलेले तुकडे मोकळे करत होता. त्यानं विचारलं, "मॅडम, काय झालं?" तिनं मान हलवली आणि मूळ फाइल उघडली.

रुग्णाच्या रक्तातून जीवाणू काढताना त्या माणसाच्या स्वतःच्या पेशींचे तुकडेही नमुन्यात येतात. माणसाची ओळख उघड होऊ नये म्हणून ग्रिड ते पहिल्याच पायरीला बाजूला काढून टाकतं. चाळणीला ते कधी दिसतच नव्हते. पण मूळ फाइल तीस दिवस जपून ठेवलेली असते. ती उघडायला समितीची परवानगी लागते. पद्मजानं परवानगीशिवाय उघडली.

मिरजेचा नमुना पुरुषाचा होता. काळखिंडीचा बाईचा.

दोन वेगळी माणसं. जीवाणू मात्र एकाच घरातला, ताजा ताजा वाटला गेलेला. मालनच्या कागदांत लिहिलेलं होतं, गर्भाशयाचं ऑपरेशन, मिरज, तेच हॉस्पिटल. त्या पुरुषाचं ऑपरेशन त्याच आठवड्यात तिथंच झालेलं. चारू फोनवर हेच सांगायला निघाली होती आणि पद्मजानं तिला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं ते याहून भयंकर होतं. भक्षी माणूस बघत नाही, जीवाणू बघतो. जीवाणू तोच, तर औषधही तेच. मिरजेच्या बॅचचा बाराशेवा तुकडा गुरुवारी दुपारी चार वाजता परत आला होता. मालनचं उत्तर गुरुवारी चारपासून केंद्राच्या डिस्कवर तयार पडलेलं होतं. त्यासाठी ग्रिडवर एकही नवा जॉब चालवावा लागला नसता. नुसतं पाठवायचं होतं. पद्मजाच्या चाळणीला दुबार हुडकता येत होते. दोघांचं एकच उत्तर आहे, तर ते दोघांनाही द्यावं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तिनं नागपूरला बैठकीसाठी गेलेल्या प्रभुदेसाई सरांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पद्मजाबाई, फार वाईट झालं. पण आता कशाला हात लावू नका. सोमवारी समितीपुढं ठेवू. चाळणीवर माझीही सही आहे, मी काही अंग काढून घेत नाही."

"सर, सत्तावीस दिवसांत दोनशे चौदा नमुने रद्द झालेत. त्यांतली खरी माणसं किती, आपल्याला माहीत नाही. काही आत्ता कुठल्यातरी पलंगावर असतील."

"म्हणून दोनशे चौदा लोकांच्या खासगी फाइली उघडणार? परवानगीशिवाय? उद्या कोर्टात आपण सगळेच उभे राहू. शिवाय तपासायला ग्रिड लागेल ते वेगळंच. चालू बॅच थांबवणार का?"

"किती वेळ ते काढते, सर."

"काढू नका. सोमवारी," असं म्हणून त्यांनी फोन बंद केला.

सरांचं बोलणं चुकीचं नव्हतं, हाच खरा त्रास होता. मूळ फाइली अवाढव्य होत्या. दोनशे चौदा जोड्या ताडायच्या तर चाळीस मिनिटं सगळं ग्रिड लागणार. त्या वेळी आठ रुग्णांच्या बॅच चालू होत्या. आठ अनोळखी माणसांच्या आयुष्यातली चाळीस मिनिटं काढून घ्यायची, कदाचित रिकाम्या हाती परत यायचं. आणि आजवर कुणासाठीही रांग मोडली नाही, हीच तर तिची चौदा वर्षांची कमाई होती.

तिनं बॅच लिहायला घेतली. हातानं क्रम बदलायचा तर दुसऱ्या कुणाची तरी संमती लागते, असा केंद्राचा नियम. तिनं खुर्ची वळवून इरफानला सगळं सांगितलं, सर काय म्हणाले तेही सांगितलं.

"तुझ्यावर बळजबरी नाही, इरफान. तुझ्या घरी आत्ताच बाळ झालंय. नोकरी जाऊ शकते."

इरफान पडद्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, सगळे एकदम नका टाकू. ताजे आधी टाका. महिन्यापूर्वीच्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं असेल. गेल्या सहा दिवसांतले पहिले, मग बाकीचे. दहा मिनिटांत कळायला लागेल." आणि त्यानं आपल्या संमतीचा आकडा घातला.

अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी बॅच गेली. पडद्यावर आठ रुग्णांच्या बॅच पिवळ्या झाल्या, म्हणजे थांबल्या. पद्मजानं त्या आठांची नावं एका कागदावर लिहून समोर ठेवली. कुणाची वेळ आपण घेतोय ते निदान माहीत असावं म्हणून.

नवव्या मिनिटाला पहिली जोडी निघाली. दोन वेगळी माणसं. शाहूवाडीकडचा एक बावन्न वर्षांचा पोस्टमन. मग चिपळूणची एक बाळंतीण. मग आणखी एक.

चाळीस मिनिटांनी हिशेब लागला. दोनशे चौदांपैकी एकशे सत्याण्णव खरोखरच खोटे होते. चाळणीनं त्यांना बरोबर पकडलं होतं. सतरा खरी माणसं होती. पद्मजा आणि इरफान फोनला लागले. सतरांपैकी तिघं कसेबसे आपापले बरे झाले होते. नऊ जण गेले होते. मालन नववी. पाच जण अजून होते, आणि पाचांचीही उत्तरं कधीचीच डिस्कवर तयार होती.

"हॅलो, सांगलीच्या ग्रिड केंद्रातून बोलतेय. तुमच्या रुग्णाची बॅच आमच्याकडून चुकीनं रद्द झाली होती. औषध ठरलेलं आहे. पुण्याहून निघतंय. हो, आत्ताच. चूक आमची होती. हो, माझं नाव लिहून घ्या. पद्मजा कुंभोजे."

हे वाक्य तिनं पाच वेळा म्हटलं. तिसऱ्या डॉक्टरनं तिला शिव्या घातल्या. तिनं ऐकून घेतल्या आणि तापाचा आकडा पुन्हा विचारला. पुण्याहून पाच ड्रोन उडाले. थांबलेल्या आठ बॅच पुन्हा हिरव्या झाल्या. त्या आठांपैकी कुणाला काही झालं नाही, पण हे तिला तीन दिवसांनी कळलं, आणि तोपर्यंत तो कागद तिनं पर्समध्ये बाळगला. पाचांपैकी चौघं वाचले. चिपळूणची बाळंतीण रविवारी पहाटे गेली.

सतरा खऱ्यांपैकी अकरा जणांची ऑपरेशनं मिरजेच्या त्या एकाच हॉस्पिटलात झाली होती. पद्मजानं ती यादी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवली, तेव्हा तिथलं एक ऑपरेशन थिएटर बंद झालं. नळाच्या आतल्या भागात जंतूंचा थर सापडला. म्हणजे चाळणीनं महिनाभर आधीच एक साथ पकडली होती आणि तिचं नाव दुबार ठेवून फेकून दिलं होतं.

चौकशी बसली. प्रभुदेसाई सरांनी अहवालाचा मसुदा तिच्याकडे पाठवला. त्यात लिहिलेलं होतं, प्रणालीतील त्रुटीमुळे. सर शब्दाला जागले होते, आपली सही लपवली नव्हती. पद्मजानं त्याखाली स्वतःच्या हातानं परिच्छेद जोडला. गुरुवारी अकरा वाजता काळखिंडीच्या डॉक्टरांनी मला फोन करून सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं नाही. शुक्रवारी त्यांनी फाइल उघडून बघायची विनंती केली. मी उघडली नाही. इरफान मुजावर यांनी माझ्या सांगण्यावरून संमती दिली.

"हे लिहायची गरज नव्हती," सर म्हणाले.

"होती, सर."

तिला निलंबनाचं पत्र मिळालं. इरफानला ताकीद. नव्या चाळणीचं काम त्याच्याकडे आलं. दुबार सापडला की आता बॅच रद्द होत नाही, आधी दोन्ही डॉक्टरांना फोन जातो.

चारू फोन उचलत नव्हती. दोन रविवार तसेच गेले. दुसऱ्या मंगळवारी पद्मजा सकाळच्या एसटीनं काळखिंडीला गेली. रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागापुढं गर्दी होती. चारूनं दारातून तिला बघितलं आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. पद्मजा बाकावर बसली. दोन वाजता शेवटची बाई गेली, तेव्हा चारू हात धुऊन बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. वाळली होती.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मीही नाही." मग म्हणाली, "मला एकच सांग. तू मला खोटी का धरलंस? चाळीस वर्षं ओळखतीस मला."

पद्मजानं याचं उत्तर एसटीत शंभर वेळा जुळवलं होतं. आता त्यातलं एकही कामाचं वाटेना.

"दुसऱ्या कुठल्या डॉक्टरनं फोन केला असता, तर मी फाइल उघडली असती," ती म्हणाली. "तुझा होता म्हणून नाही उघडली. बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, याची भीती वाटली मला. ती बाई माझ्या मनात आलीच नाही, चारू. मी फक्त स्वतःकडे बघत होते."

चारूनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "मी तिला शुक्रवारी सांगितलं होतं, माझी बहीणच आहे तिथं, काळजी करू नकोस."



"मला तिच्या घरी जायचंय," पद्मजा म्हणाली.

"मी येणार नाही. मी एकदा जाऊन आलेय." चारूनं रस्ता सांगितला. शेडच्या मागून डावीकडे, पत्र्याचं घर, पुढं ट्रॅक्टर असेल. उठताना म्हणाली, "परत येताना इथंच ये. भाकरी टाकते."

ट्रॅक्टर होता. बिरा गडदे चाकाशी उकिडवा बसून नट आवळत होता. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. पद्मजानं नाव सांगितलं, कुठून आली ते सांगितलं. त्यानं पाना बाजूला ठेवला, हात फडक्याला पुसले, तिच्यासाठी खुर्ची आणली आणि स्वतः दाराच्या उंबऱ्यावर बसला. आत एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मालनची आई.

पद्मजानं सगळं सांगितलं. साध्या शब्दांत, काही गाळलं नाही. तिचा नमुना आला होता, यंत्रानं तो दुसऱ्याचाच समजून टाकून दिला, यंत्राला तसं मीच शिकवलं होतं, डॉक्टरबाईंनी मला सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही.

बिरा जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "तो दुसरा माणूस. मिरजंचा. त्याला औशिद लागू पडलं?"

"हो. बरा झाला. घरी गेला."

"आनि मालनीला बी त्येच लागलं असतं?"

"तेच."

"मग त्यातलं राहिलं हुतं का काय?"

पद्मजाला कळेना. "काय?"

"औशिद वो. त्या मान्साला दिऊन उरलं हुतं का थोडं?"

पुण्याहून आलेल्या खोक्यात बारा कुप्या असतात. मिरजेच्या माणसाला पाच लागल्या होत्या. सात कुप्या आठवडाभर हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये राहिल्या आणि मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केल्या गेल्या. मिरजेहून काळखिंडीला गाडीनं दोन तास लागतात. तिला हे सगळं माहीत होतं. ठाऊक नाही म्हणून सांगितलं असतं तरी त्या माणसाला कधी कळलं नसतं, आणि कदाचित त्याला रात्री झोप लागायला तेवढीच मदत झाली असती. तिच्या ओठांपर्यंत ते आलं.

"उरलं होतं," ती म्हणाली. "सात कुप्या."

बिरानं मान हलवली. रागानं नाही, एखाद्यानं रस्ता सांगितल्यावर हलवावी तशी. मग तो उठला, आत गेला, म्हातारीच्या खांद्याखाली हात घालून तिला उभं केलं आणि हळूहळू दारापर्यंत घेऊन आला. उंबऱ्यावर बसवलं. शेजारच्या दोन बाया अंगणाच्या कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हिला बी सांगा," तो म्हणाला. "रोज इचारती मला, काय झालं, का गेली. मला नीट सांगता येत न्हाई." मग म्हणाला, "कमी ऐकू येतं तिला. जरा मोठ्यानं सांगावं लागंल."

म्हातारीनं डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कानामागं हात धरला.

पद्मजानं खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, मोठ्यानं, कुडापाशी उभ्या असलेल्यांनाही स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात.